आठही दिवे लागले म्हणजे केबल चांगली, असं नाही

दोन तुकड्यांचा एलईडी टेस्टर हे नेटवर्क केबलिंगच्या पिशवीतलं सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं हत्यार आहे, आणि त्याचं उत्तर सगळ्यांत जास्त वेळा चुकीचं वाचलं जातं. एका टोकाला मोठा तुकडा, दुसऱ्या टोकाला छोटा. १ ते ८ दिवे दोन्हीकडे ओळीने लागले की केबल पास, चला पुढच्या कामाला. मग महिन्याभराने तक्रार येते की कॅमेरा मधूनच बंद पडतो, फाइल कॉपी व्हायला वेळ लागतो, लिंक गिगाबिटऐवजी १०० वर येते. टेस्टर पुन्हा लावला तर दिवे पुन्हा नीट लागतात.

टेस्टर इथे खोटं बोलत नाही. तो बॅटरीचा डीसी एकेका तारेवर सोडतो आणि या टोकाची तार त्या टोकाला पोचली का, त्याच क्रमांकावर पोचली का, एवढंच पाहतो. तुटलेली तार, अदलाबदल, शॉर्ट या तीन गोष्टी तो पकडतो. केबलमधून खरं तर जातो तो कित्येक मेगाहर्ट्‌झचा सिग्नल. त्याला तारेचा पीळ, जोडीचं संतुलन, रोध, लांबी या सगळ्याशी देणंघेणं असतं. यातलं काहीच त्या आठ दिव्यांत दिसत नाही.

तो वापरताना तीन सवयी लावून घ्या. टेस्टर मंद गतीवर ठेवून दोन्ही प्लग बोटांनी हलवत पाहा. हलवताना दिवा लुकलुकला तर क्रिम्प, म्हणजे प्लगमध्ये तारा दाबून केलेली जोडणी, कच्ची आहे. दिवे फिके दिसले तर केबलवर संशय घेण्याआधी बॅटरी बदला. आणि दुसरं टोक स्विचमधून किंवा इंजेक्टरमधून (नेटवर्क केबलमधूनच वीज सोडणारा डबा) काढल्याशिवाय टेस्टर लावू नका. पोर्टच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे प्रत्येक जोडी डीसीला शॉर्ट दिसते. त्याहून वाईट म्हणजे साधा पॅसिव्ह इंजेक्टर समोर काय आहे हे न तपासता २४ किंवा ४८ व्होल्ट सोडत असतो, त्यात टेस्टर जळतो. नववा, जी लिहिलेला दिवा शील्डचा, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाचा असतो. शील्ड नसलेल्या केबलवर तो लागणार नाही, तो दोष नाही.

स्प्लिट पेअर

एलईडी टेस्टरला हमखास चकवणारा दोष म्हणजे स्प्लिट पेअर, म्हणजे फुटलेली जोडी. तो कसा घडतो हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं होतं.

आरजे-४५ प्लगमध्ये जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा बसतात. ३-६ ही जोडी ४-५ ला कवेत घेते, आणि घोळ नेमका इथे होतो. टी५६८बी या रंगांच्या प्रमाण पद्धतीचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवख्या हाताला हिरवा आपल्या जोडीदाराशेजारी हवासा वाटतो. म्हणून तो पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असं ओळीने लावतो, आणि दोन्ही टोकांना तसंच लावतो. १ ची तार १ ला, ८ ची ८ ला. टेस्टर खूश.

पण आता ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा आहे. या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या नाहीत. पिळाचं काम असं की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि दोघींतला फरक मोजताना तो वजा व्हावा. जोडी फुटली की ती वजाबाकी जमत नाही, शेजारच्या जोडीचा सिग्नल सरळ आत शिरतो. १० मेगाबिटला हे खपून जातं. छोट्या तुकड्यावर १०० ही कधी कधी चालतं. चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांना वापरणाऱ्या गिगाबिटला मात्र ते झेपत नाही: कधी लिंक लागतच नाही, कधी लागून पडते, कधी चुकांचा पाऊस पडतो.

पकडायचा कसा? प्लग पारदर्शक असेल तर आधी डोळ्यांनी. ३ आणि ६ वर एकाच रंगाची जोडी आहे का, एवढं बघायला पाच सेकंद लागतात. प्लग दिसत नसेल आणि मल्टिमीटरला कपॅसिटन्सची नॅनोफॅरड रेंज असेल, तर केबल दोन्ही टोकांनी मोकळी करून जोडीच्या दोन तारांमधली धारिता मोजा. खऱ्या जोडीत ती १०० मीटरला साधारण ५ नॅनोफॅरड असते, म्हणजे ५० मीटरला २.५ च्या आसपास. फुटलेल्या जोडीत हा आकडा उरलेल्या धड जोड्यांपेक्षा ठळकपणे कमी येतो. मीटरच्या वायरींची स्वतःची धारिता आधी रिलेटिव्ह बटणाने शून्य करून घ्यायची. हीच मोजणी केबलची अंदाजे लांबीही सांगते. स्प्लिट पेअर ओळखणारे वायरमॅप टेस्टर (कुठली तार कुठे जोडली ते दाखवणारे) मिळतात. एकच टेस्टर घ्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बाकी काही नसलं तरी चालेल, त्यात स्प्लिट पेअर आणि लांबी असायलाच हवी.

याच्या जवळचा दुसरा दोष म्हणजे लिंक १०० वरच अडकणं. १०० मेगाबिटला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या पुरतात, आणि गती ठरवण्याची बोलणीही याच जोड्यांवर होतात. ४-५ किंवा ७-८ मधली एक तार सुटली की बोलणी गिगाबिटची होतात, पण लिंक उभी राहत नाही. मग बरेच चिप थोडा वेळ झगडून खाली १०० वर येतात. म्हणून दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १०० दिसली, तर निळी आणि तपकिरी जोडी आधी तपासा. इथे मात्र साधा एलईडी टेस्टर पुरतो.

मल्टिमीटर

केबलवाल्यांच्या पिशवीत मल्टिमीटर असतो तो अडॅप्टरचे व्होल्ट बघायला. खरं तर केबल घेतल्या घेतल्या पहिली मोजणी त्यानेच करायला हवी, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल, म्हणजे सीसीए, ओळखायचा तो सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. बॉक्सवर काहीही छापलेलं असो, ओहम लपवता येत नाहीत.

३०५ मीटरचा नवा बॉक्स उघडा. आतलं टोक हाताशी येत असेल तर एका जोडीच्या दोन तारा तिथे सोलून घट्ट पिळून घ्या, आणि बाहेरच्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध मोजा. त्याआधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारे ०.२ ते ०.५ ओहम टिपून ठेवा आणि उत्तरातून वजा करा. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, तो जितका लहान तितकी तार जाड. २४ गेजची तांब्याची तार १०० मीटरला सुमारे ८.४ ओहम, २३ गेजची ६.७ ओहम. जाऊन-येऊन दुप्पट. म्हणजे पूर्ण बॉक्सला २४ गेजमध्ये ५१ च्या आसपास आणि २३ गेजमध्ये ४१ च्या आसपास आकडा यायला हवा. पिळामुळे आतली तार जॅकेटपेक्षा थोडी लांब असते, म्हणून दोन-चार टक्के जास्त आले तर बिघडत नाही. सीसीएमध्ये हाच आकडा दीडपटीच्या घरात जातो. २४ गेज म्हणून विकलेल्या बॉक्सला ७५-८० ओहम आले तर ती केबल परत करा. आतलं टोक मिळत नसेल तर मोजून २० मीटर कापा आणि त्यावर हिशोब करा: २४ गेजला ३.४, २३ गेजला २.७.

आकड्याला साक्षीदार हवा असेल तर तार ब्लेडने खरवडा. तांब्याच्या तारेत आतपर्यंत तांबूस रंग असतो, सीसीएत पातळ थराखाली चंदेरी दिसतं. वजनही सांगतं: तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे सीसीएचा बॉक्स उचलतानाच हलका लागतो.

एवढा अट्टहास कशासाठी, तर पीओईसाठी, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज पुरवण्यासाठी. त्याच्या ८०२.३एएफ या मानकामध्ये पोर्टवर १५.४ वॅट असतात आणि उपकरणाला १२.९५ वॅटची हमी मिळते. मधले २.४५ वॅट कुठे गेले? मानकाने केबलचा रोध २० ओहम आणि प्रवाह ०.३५ ॲम्पिअर धरला आहे. ०.३५ चा वर्ग गुणिले २० म्हणजे बरोबर २.४५. पुढच्या ८०२.३एटी मानकामध्ये प्रवाह ०.६ ॲम्पिअर झाला आणि रोधाची मर्यादा १२.५ ओहमवर आली. तिथे ४.५ वॅट जातात, म्हणून ३० पैकी २५.५ उरतात.

आता केबल कुठे बसते ते पाहा. पीओई एका जोडीच्या दोन्ही तारांतून जाते आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांतून परत येते. त्यामुळे एका जोडीवर मोजलेल्या लूपच्या (जाऊन-येऊन रोधाच्या) निम्मा रोध तिच्या वाट्याला येतो. १०० मीटर तांब्याच्या २४ गेजला ८.४ ओहम, मर्यादेच्या बऱ्याच आत. त्याच लांबीच्या सीसीएला साडेबारा-तेरा, म्हणजे पॅच कॉर्ड आणि कनेक्टर धरायच्या आधीच मर्यादा संपली. असा कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की रीस्टार्ट होत राहतो. तक्रार फक्त रात्रीची असेल तर कॅमेरा बदलण्याआधी लूप मोजा. शिवाय वाया गेलेले वॅट केबलच्या गठ्ठ्यात उष्णता होऊन बसतात, आणि ॲल्युमिनियम ठिसूळ असल्याने टोकापाशी दोन-चारदा वाकवलं की तार तुटते.

टोक बांधणं

इथे एक ठाम मत आधीच मांडून ठेवतो. भिंतीतून किंवा पाइपमधून जाणाऱ्या अखंड तारेच्या (आत एकच भरीव तार असलेल्या) केबलला शक्यतो प्लग लावूच नये. दोन्ही टोकं कीस्टोन जॅकवर (भिंतीतल्या सॉकेटवर) किंवा पॅच पॅनेलवर (रॅकमधल्या सॉकेटच्या पट्टीवर) पंच करावीत, म्हणजे तारा टूलने फटींत दाबून बसवाव्यात, आणि पुढे कारखान्यात तयार झालेली पॅच कॉर्ड लावावी. अखंड तार हलण्यासाठी नसते, प्लगच्या मागे ती रोज वाकली की तुटते. १०० मीटरच्या मर्यादेतही हाच विचार आहे: ९० मीटर पक्की केबल आणि दोन्हीकडच्या कॉर्ड मिळून १० मीटर.

कॅमेऱ्यासारख्या ठिकाणी प्लग लावावाच लागतो. तिथे क्रिम्पिंग टूल रॅचेटचंच घ्या, जे पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. बिनरॅचेटच्या टूलमध्ये दहाव्या प्लगनंतर हात दमतो आणि दाब कमी पडतो. दाब पुरेसा झाला का हे कॅलिपरने मोजता येतं: प्लगच्या तळापासून सोनेरी पट्टीच्या माथ्यापर्यंत ६.०२ मिलिमीटर, फार तर ०.१३ इकडे-तिकडे. पट्ट्या वर राहिल्या तर तो प्लग ज्या पोर्टमध्ये जाईल तिथल्या पिना वाकवून ठेवतो, मग चांगली कॉर्डही तिथे नीट बसत नाही. फोनचा अरुंद प्लग नेटवर्कच्या जॅकमध्ये घुसवला तरी कडेच्या १ आणि ८ नंबरच्या पिनांचं हेच होतं.

प्लग निवडताना दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली तारेचा प्रकार. अखंड तारेच्या प्लगची पट्टी तीन दातांची असते आणि तारेला दोन्ही बाजूंनी धरते. बहुतारी (बारीक तारांच्या झुबक्याच्या) केबलचा दोन दातांचा प्लग तारेच्या मधोमध घुसतो. अखंड तार अशी घुसू देत नाही, ती बाजूला सरकते आणि संपर्क आज असतो, उद्या नसतो. दुसरी गोष्ट तारेची जाडी. कॅट ५ई आणि कॅट ६ या केबलच्या श्रेणी आहेत. कॅट ६ ची वेष्टनासकट तार जाड असते, ती कॅट ५ई च्या प्लगच्या खोबणीत शिरतच नाही किंवा दाबून घातली तर सोलवटते. म्हणून कॅट ६ च्या प्लगमध्ये खोबणी वर-खाली असतात, किंवा तारा आधी ओवून घ्यायची छोटी पट्टी वेगळी येते.

कृती अशी. बूट (प्लगमागची रबरी टोपी) असेल तर आधी केबलमध्ये ओवा, हे विसरलं तर प्लग कापावा लागतो. साधारण ३० मिलिमीटर जॅकेट सोला. स्ट्रिपरचं पातं इतकंच खोल लावा की जॅकेटवर चर पडेल आणि वाकवल्यावर ते सुटेल. पातं आरपार गेलं तर तारेच्या वेष्टनावर खाच पडते. सोलल्यावर चारही जोड्या पसरून उजेडात बघा, खाच दिसली तर टोक कापून पुन्हा सुरू करा. जॅकेटच्या आत नायलॉनचा दोरा असतो, तो मागे ओढून जॅकेट फाडलं आणि पात्याने दुखावलेला भाग कापून टाकला तर तारांना पातं लागतच नाही. कॅट ६ मधला प्लॅस्टिकचा क्रॉस जॅकेटच्या तोंडाशी सपाट कापा. जोड्या उसवा, तारा सरळ करा, क्रम लावा, आणि जॅकेटच्या पुढे १२-१३ मिलिमीटर राहील असं एका फटक्यात सरळ कापा. ही १३ मिलिमीटरची मर्यादाच आहे, त्याहून जास्त पीळ उसवला की जोड्यांमधली गळती टोकापाशीच वाढते. प्लगमध्ये ढकलल्यावर समोरून आठही तारांची तांबूस टोकं दिसली पाहिजेत आणि जॅकेट मागच्या दाबपट्टीच्या आत गेलं पाहिजे. नुसत्या तारांवर लटकलेला प्लग हा बिघाडच आहे, फक्त तो अजून घडायचा आहे.

तारा पुढून बाहेर येणारे पास-थ्रू प्लग क्रम तपासायला सोयीचे असतात. त्यांना स्वतःचं टूल लागतं, जे दाबता दाबता पुढची टोकं कापतं. त्याचं पातं बोथट झालं की तांब्याचे केस बाहेर राहतात आणि शेजारच्या तारेला टेकतात. पीओईच्या लाइनवर मी त्यांच्याऐवजी साधे प्लगच निवडीन.

पंच डाउन टूलचं पातं ब्लॉकप्रमाणे निवडायचं. ११० आणि क्रोन हे ब्लॉकचे दोन प्रकार, ११० ची पद्धत वेगळी, क्रोनची वेगळी. क्रोनमध्ये तार ४५ अंशांत धरलेली असते आणि टूलला कात्रीसारखं पातं असतं. एकाचं टूल दुसऱ्यावर ठोकलं तर पत्र्याची फट फाकते, आणि स्क्रूड्रायव्हरने दाबलं तर हमखास फाकते. एकदा फाकली की ती तार पुन्हा कधी घट्ट धरत नाही. कापायची धार बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर आत जाणारी तारच कापली जाते. एका फटीत दोन तारा कधीही घालू नका. कीस्टोनवरच्या फटी १ ते ८ अशा ओळीत नसतात, म्हणून जॅकवर छापलेले ए किंवा बीचे (टी५६८ए किंवा टी५६८बी) रंग बघूनच लावा आणि सगळीकडे एकच पद्धत ठेवा. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तर आजचे पोर्ट ते आपोआप सांभाळून घेतात, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं दडून राहते. टेस्टरवर ती १ ची ३ आणि २ ची ६ अशी दिसते.

केबल ओढतानाही मर्यादा आहेत: चार जोड्यांच्या केबलला ११० न्यूटन, म्हणजे ११ किलो वजन टांगल्याइतका ताण, आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान चौपट. ६ मिलिमीटरच्या केबलला २४. करकचून आवळलेल्या प्लॅस्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो वापरा.

टोनर

लेबल नसलेल्या गठ्ठ्यातून एक केबल शोधायला टोन जनरेटर आणि प्रोब लागतो. तक्रार नेहमीची: आवाज येतच नाही, नाहीतर दहा केबलवर एकदमच येतो. पहिल्याचं कारण बहुधा क्लिप लावण्यात असतं. दोन्ही क्लिप एकाच जोडीच्या दोन तारांना लावल्या तर पीळ स्वतःचं काम करतो आणि बाहेर पडणारं क्षेत्र खोडून टाकतो. एक क्लिप एका जोडीच्या तारेला आणि दुसरी वेगळ्या जोडीच्या तारेला किंवा अर्थला लावा, आवाज लगेच मोठा होतो. दहा केबलवर आवाज आला तर प्रोबची संवेदनशीलता कमी करा आणि गठ्ठ्यातून एकेक केबल बाजूला ओढून ऐका. खात्रीसाठी, ज्या दोन तारांवर टोन सोडला आहे त्या या टोकाला क्षणभर एकमेकींना टेकवा. आवाज बंद झाला तर केबल तीच.

दुसरं टोक चालू स्विचमध्ये असेल तर साधा ॲनालॉग टोन पोर्टच्या आतल्या सर्किटमध्येच विरून जातो. तिथे डिजिटल टोनर लागतो, किंवा लिंक चालू-बंद करून स्विचच्या पोर्टचा दिवा ठराविक लयीत लुकलुकवणारं साधन. शील्ड केबलमध्ये प्रोब मधल्या लांबीवर जवळजवळ बहिरा असतो, फक्त उघड्या टोकांपाशी ऐकू येतं.

कितव्या मीटरवर?

तुटलेली जागा शोधायला टीडीआर. केबलमध्ये स्पंद सोडायचा, दोषावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. तुटलेल्या टोकावरून तो सुलटा परततो, शॉर्टवरून उलटा. ही वेळ मीटरमध्ये बदलायला केबलमधला वेग लागतो. तो प्रकाशाच्या वेगाच्या प्रमाणात सांगतात आणि त्याला एनव्हीपी म्हणतात. कॅट ६ ला तो साधारण ०.६५ ते ०.७२. ०.६९ च्या केबलमध्ये ५० मीटर जाऊन यायला सुमारे ४८३ नॅनोसेकंद लागतात. मीटरमध्ये चुकून ०.७५ भरलं असेल तर तोच दोष ५४ मीटरवर दिसेल आणि छत चार मीटर पुढे उघडलं जाईल. म्हणून त्याच बॉक्समधला निदान ३० मीटरचा तुकडा टेपने मोजून घ्या, मीटरवर तीच लांबी दिसेपर्यंत एनव्हीपी बदला आणि तो आकडा बॉक्सवर लिहून ठेवा. चार जोड्यांची लांबी चार वेगळी दिसली तर घाबरू नका, प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असल्याने तारांची लांबीही खरोखर वेगळी असते. अगदी पहिल्या मीटर-दीड मीटरमधला दोष टीडीआरला नीट दिसत नाही. तिथे मध्ये एक चांगली कॉर्ड जोडून तो दोष दूर ढकलायचा.

हे हत्यार नसलं तरी बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये केबल टेस्ट असते आणि लिनक्सवर एथटूलमधूनही काही नेटवर्क कार्डांना ती करता येते. अचूकता काही मीटर इकडे-तिकडे, पण कुठली जोडी आणि कुठलं टोक हे कळतं. ती चालवताना लिंक पडते, म्हणून चालत्या कामाच्या वेळी करू नका.

स्विचकडे याहून मोलाची गोष्ट म्हणजे पोर्टचे काउंटर. सीआरसी किंवा एफसीएस चुका (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) शून्य करा, १० मिनिटं भरपूर डेटा चालवा, पुन्हा बघा. आकडा वाढत असेल तर दोष बहुधा तारेत किंवा पोर्टात. मग आधी दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड बदला, मग पोर्ट, आणि भिंतीतल्या केबलला सगळ्यांत शेवटी हात लावा. एक अपवाद लक्षात ठेवा. एका बाजूला सीआरसी चुका आणि दुसऱ्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेली सिग्नलची टक्कर) दिसत असतील, तर केबल निर्दोष आहे. कुणीतरी एका टोकाला गती आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) हाताने ठरवलंय, दुसरं टोक ऑटोवर राहून हाफ डुप्लेक्सला (एका वेळी एकच) गेलंय. यात कुठलाही केबल टेस्टर काही सांगू शकत नाही.

सर्टिफिकेशनचा महागडा टेस्टर रोज लागत नाही, मोठ्या कामाला भाड्याने आणावा. तो कॅट ५ई ला १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत, कॅट ६ ला २५० आणि कॅट ६ए ला ५०० पर्यंत मोजतो. त्याचे निकाल वाचायची थोडी ओळख असली की पुरे: नेक्स्ट (जवळच्या टोकाला जोड्यांमधली गळती) नापास झालं तर बहुधा टोकावर पीळ जास्त उसवलाय, रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल) नापास झालं तर केबल कुठेतरी मुडपलीय किंवा जॅक आणि केबल एकमेकांना जुळत नाहीत, इन्सर्शन लॉस (वाटेत क्षीण होणारा सिग्नल) नापास झालं तर लांबी किंवा तारेची जाडी.

फायबर हा वेगळाच विषय आहे, पण पिशवीत दोन वस्तू असू द्याव्यात: ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर पेन आणि कनेक्टर साफ करायचा क्लिक पेन, एलसी प्रकारच्या कनेक्टरसाठी १.२५ आणि एससीसाठी २.५ मिलिमीटरचा. लाल उजेड बाहेर फुटला तिथे फायबर मोडलेली किंवा मुडपलेली आहे. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रोमीटरचा असतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारी धूळही तो झाकते. प्रत्येक वेळी जोडण्याआधी साफ करायचं. हिरवा कनेक्टर निळ्यात घालायचा नाही, दोघांच्या टोकांचा कोन वेगळा असतो. आणि टोकात कधीही डोळा घालून बघायचं नाही, चालू लाइनचा प्रकाश दिसतच नाही.

काम संपलं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे लांबी व चारही जोड्यांचा लूप रोध लिहा. पुढे कधी तक्रार आली तर तेच चार आकडे पुन्हा मोजायचे. तापमान १० अंशांनी वाढलं की तांब्याचा रोध सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, म्हणून चारही जोड्या सारख्याच प्रमाणात वाढल्या असतील तर केबल फक्त गरम आहे. तिघी जागच्या जागी आणि एकटीच अर्ध्या ओहमने वर गेली असेल, तर त्या जोडीची दोन्ही टोकं कापून नव्याने पंच करा.